तात्यांची टोचन गाडी, १:१२

मॉडेल ट्रक करायचा तर टायरपासून सुरुवात करावी. मी केबिनपासून केली आणि दोन महिने घालवले.

रिमोटवर चालणाऱ्या ट्रकांच्या दुनियेत १:१४ हे चलनी प्रमाण, म्हणजे लांबी-रुंदी खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्श्याची. तामिया या जपानी कंपनीने ते रूढ केलं, त्यामुळे ॲक्सल, रिम, टायर हे सगळं त्याच मापाचं तयार मिळतं. म्हणून मीही डोळे झाकून १:१४ धरलं, लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यातून केबिन कापली, चिकटवली आणि टीव्हीशेजारी ठेवली. झकास दिसत होती. मग टायर आले. केबिनखाली लावून पाहिले तर शाळेतल्या पोराने थोरल्या भावाचे बूट घातल्यासारखं ध्यान दिसायला लागलं.

तेव्हा कुठे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मला जी गाडी करायची होती तिला ९.००-२० चे टायर, व्यास एक मीटर आणि वर दोन सेंटिमीटर. त्याला १४ने भागलं की ७३ मिलिमीटर येतात. माझ्या हातातला टायर ८५ मिलिमीटरचा. ८५ गुणिले १२, १०२०. म्हणजे टायर मुकाट्याने सांगत होता की बाबा, तुझी गाडी १:१२ आहे. केबिन पुठ्ठ्यासकट रद्दीत गेली.

आता गाडी कुठली ते सांगतो. खंबाटकी घाट उतरला की साताऱ्याच्या अंगाला वेळे लागतं. तिथे हायवेच्या कडेला माझ्या थोरल्या चुलत्यांचं, तात्यांचं, गॅरेज होतं आणि गॅरेजसमोर त्यांची क्रेन उभी असायची. जुना टाटा १२१० एसई ट्रक, हौदा काढलेला, मागे चॅनेल आणि पाइप वेल्डिंग करून उभी केलेली तिकोनी बूम, तिच्या टोकाला कप्पी, कप्पीतून वायररोप आणि हूक. मोठ्या कंपन्यांची रिकव्हरी व्हॅन डोळ्यासमोर आणू नका. असली क्रेन कुठल्या कॅटलॉगात नसते, गावोगावच्या फॅब्रिकेटरच्या डोक्यात असते. लोक तिला क्रेन म्हणत, तात्या 'टोचन' म्हणत. टो-चेनचं टोचन झालंय हे मला बारावीत कळलं. तोवर मी तो अस्सल मराठी शब्द समजत होतो, आणि खरं तर आता तो आहेच.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये डिझाइनला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या डाय, म्हणजे साचे, काढतो. २०२२च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा क्रेन गॅरेजच्या मागे चिंचेखाली दगडांवर उभी होती. टायर विकले गेले होते, बॅटरी नव्हती, बोनेटखाली कोंबडीने अंडी घातली होती. मी टेप, वही आणि मोबाइल घेऊन तिच्याभोवती फिरायला लागलो. तात्या खाटेवरून बघत होते.

"ह्ये काय चाललंय?"

"मापं घेतोय तात्या. हिचं मॉडेल करायचंय. रिमोटवर चालणारं."

"भंगारवाला येनारय पुढल्या महिन्यात. किलोवर जाती ती. त्याला न्हाई लागत मापं."

पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर ६०, रुंदी २ मीटर ४०, चासीच्या चॅनेलची उंची साडेबावीस सेंटिमीटर, मागच्या ॲक्सलपासून हूकपर्यंत १ मीटर ७०. अशी ६४ मापं आणि १८० फोटो. वजन मात्र टेपने मिळत नाही, ते तात्यांना तोंडपाठ होतं: "सात टन आठशे, शिरवळच्या काट्यावर." पुढे हाच आकडा सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

पुण्यात आल्यावर पहिल्याच रविवारी बोहरी आळी गाठली. चासीची साडेबावीस सेंटिमीटर उंची १:१२ मध्ये १९ मिलिमीटर होते, आणि १९ मिलिमीटर म्हणजे पाऊण इंच. पाऊण इंची ॲल्युमिनियम चॅनेल स्लायडिंग खिडक्यावाल्यांकडे पडलेलं असतं. दुकानदाराने सहा फुटांची पट्टी घ्यावी लागेल म्हणून सांगितलं. मला लागणार होती जेमतेम चार फूट. उरलेल्या पट्टीचं पुढे काहीच झालं नाही, ती अजून गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीला आधार देतेय.

चासी दोन शनिवार-रविवारांत उभी राहिली. पाच आडवे तुकडे, एम-३चे बोल्ट, प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर. यात सांगण्यासारखं काही नाही, भोकं पाडायच्या आधी सेंटर पंच मारा एवढंच. सांगण्यासारखे आहेत ते पाटे, म्हणजे चासीखालच्या पानापानांच्या स्प्रिंगा.

खऱ्या क्रेनच्या मागच्या पाट्यांत नऊ पानं होती. मी मालाचे गठ्ठे बांधायची निळी लोखंडी पट्टी आणली, अर्धा मिलिमीटर जाडीची. ती सहा मिलिमीटर रुंद कापली, लाकडी साच्यावर वाकवली, नऊ पानं एकावर एक रचून मधे बोल्ट मारला आणि 'यू' क्लॅम्पने ॲक्सलला आवळली. हुबेहूब पाटा. मग मी चासीवर हलका जोर देऊन पाहिला. पाटा मिलिमीटरभरही वाकेना. त्याजागी लाकूड लावलं असतं तरी फरक कळला नसता.

कारण साधं आहे, पण मला ते रात्री झोपताना सुचलं. गाडी लांबीला बारा पट लहान केली की वजन बारा पट कमी होत नाही, १२ गुणिले १२ गुणिले १२, म्हणजे १,७२८ पटीने कमी होतं. सात टन आठशेला १,७२८ने भागा, साडेचार किलो येतात. नऊ पानांचा पाटा साडेचार किलोच्या गाडीखाली वाकणार कशाला? शेवटी दोन पानं खऱ्या पोलादाची ठेवली आणि बाकीची सात फाइलच्या काळ्या प्लॅस्टिक कव्हरची कापली. दिसायला नऊ, कामाला दोन. आमच्या ऑफिसची आठवण झाली.

हे १,७२८चं गणित एकदा डोक्यात बसलं तेव्हा कळलं की आपण तात्यांच्या गाडीचा फोटो करत नाही आहोत. फोटोला टायर, पाटे, रंग पुरतात. टोचनचं सगळं काम वजनाचं: कुठलं ओझं कुठल्या चाकावर आहे, हे त्याचं मर्म. मला ते मॉडेलमध्ये उतरवायचं होतं. आणि तात्यांनी ते कधीच आकड्यांत सांगितलेलं नव्हतं.

केबिनसाठी तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा वापरला. प्लॅस्टिकचा स्टायरीन शीट सोपा पडतो, मॉडेलवाले तोच वापरतात, पण डब्याचा पत्रा पातळ असतो, नीट वाकतो आणि झाळता येतो. शिवाय फुकट. १२१०च्या केबिनला सरळ रेघ फारशी नाही. इंजिन अर्धं केबिनच्या आत आणि अर्धं बाहेर, त्यामुळे पुढे आखूड नाक, त्याला दोन्ही बाजूंनी गोलाई, वर छपरालाही गोलाई. सागवानाच्या ठोकळ्यावर पत्रा धरून लाकडी हातोडीने ठोकत बसलो. नाकाचे चार नमुने फुकट गेले, पाचवा जमला. डाव्या बाजूला एक पोचा राहिला. खऱ्या गाडीलाही डाव्या बाजूला पोचा होता, तेव्हा तो मी तसाच ठेवला. समोरची जाळी मात्र एका सहकाऱ्याने थ्री-डी प्रिंटरवर काढून दिली. मधोमध 'टी'. १९६९पर्यंत टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, ट्रकांवर मर्सिडीजचा तारा असायचा, करार संपल्यावर हा 'टी' आला. तात्यांची गाडी 'टी'ची.

झाळकाम करताना एक चूक झाली, तिचे परिणाम सात महिन्यांनी दिसले. झाळ नीट धरावी म्हणून लावतात तो ॲसिड फ्लक्स लावून सांधे मस्त बसले, चकचकीत. मी कापडाने पुसले, प्रायमर मारला, रंग मारला. पावसाळ्यात, जुलैच्या मध्यावर, केबिनच्या प्रत्येक सांध्यावर रंगाखालून तपकिरी डाग उमटले. ॲसिड धुतलं जात नाही तोवर ते आपलं काम करतच राहतं. सांधा झाळून झाला की खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासायचा, मग साध्या पाण्याने, मग उन्हात. मी केबिन खरवडून सगळं पुन्हा केलं. रागाच्या भरात ठोकळाही फेकून दिला होता, तो सोसायटीच्या वॉचमनने परत आणून दिला.

चालवायच्या मोटरबद्दल थोडक्यात. तपकीर गल्लीत रोबोट करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी १२ व्होल्टच्या गिअर मोटरी मिळतात, सगळे त्यांना जॉन्सन मोटर म्हणतात. ३००, ६००, १००० आरपीएम, जी हवी ती. मी ६००वाली घेतली. ११.१ व्होल्टच्या तीन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर ती साडेपाचशेच्या आसपास फिरते, ॲक्सलमध्ये तिप्पट कमी होते, आणि गाडी सेकंदाला ८० सेंटिमीटर जाते. त्याला १२ने गुणलं तर ताशी ३५ किलोमीटर. तात्यांनी क्रेन त्याहून जोरात कधी नेलेली मी पाहिली नाही. ॲक्सल आणि टायर मात्र विकतचे. 'सगळं हाताने' म्हणताना माझी जीभ तिथे जरा अडखळते.

आता विंच, म्हणजे वायररोप ड्रमवर गुंडाळून ओझं उचलणारं यंत्र, ज्याच्यासाठी हा खटाटोप.

पहिली विंच मी एन-२० मोटरची केली. बोटाच्या पेराएवढी मोटर, तिला पितळी गिअर, पुढे पितळेचा १२ मिलिमीटरचा ड्रम. हूकला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली अडकवली, रिमोटची काडी वर केली, बाटली उचलली गेली. घरात टाळ्या झाल्या. काडी सोडली, आणि बाटली हळूहळू, अगदी सभ्यपणे, खाली यायला लागली. वजन मोटरला उलटं फिरवत होतं. टोचन गाडीने गाडी उचलावी आणि घाटात सावकाश खाली ठेवावी, याहून वाईट काय असणार?

त्याच्यावर इलाज वर्म गिअरचा. त्यात मोटरचा आटा दातेरी चाकाला फिरवतो, पण चाक आट्याला फिरवू शकत नाही. विजेशिवाय ओझं जागच्या जागी. अशी वर्म मोटर तयार मिळते, सहा मिलिमीटरच्या शाफ्टची, मोटर आणि गिअर काटकोनात. ती बूमच्या पायथ्याशी आडवी बसवली. ताकदीचा हिशोब असा: ड्रमची त्रिज्या ०.६ सेंटिमीटर, ओझं दीड किलो, म्हणजे ०.९ किलो-सेंटिमीटर. वायररोप वर गुंडाळत जाईल तशी त्रिज्या वाढते, कप्प्यांत थोडं घर्षणात जातं, म्हणून दुप्पट धरलं आणि पाच किलो-सेंटिमीटरची मोटर घेतली. पाचची मोटर दोनच्या कामाला जुंपली की ती कधी तापत नाही.

वायररोप एक मिलिमीटरची, बोहरी आळीतलीच. तिने मला सगळ्यात जास्त छळलं. हूक खाली सोडताना तो जमिनीला टेकला, मी काडी वेळेवर सोडली नाही, आणि ड्रमवरची वायर सैल होऊन चिमणीच्या घरट्यासारखी फुगली. पिन घालून सोडवा, पुन्हा गुंडाळा. एका संध्याकाळी असं अकरा वेळा झालं. मासेमारीचा विणलेला दोरा लावून बघितला. तो मऊ, गुंता करत नाही, पण हूकपासून बूमपर्यंत लोंबतो, ट्रकला नथ घातल्यासारखा. मन मानेना.

तात्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हुकावर गोळा लावलाय का?"

आता खऱ्या क्रेनच्या हूकवर नारळाएवढा लोखंडी गोळा होता, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. १८० फोटोंतल्या निदान वीस फोटोंत तो आहे. मी त्याला शोभेची वस्तू समजत होतो.

"तो कशाला असतो तात्या?"

"अरं, हूक मोकळा असला तरी वायरला ताण नको का? वजन नसंल तर वायर सैल पडती, ड्रमवर चढती. गोळा म्हंजे गाडी नसताना गाडीचं काम करनारा."

लेथवर पितळेचा साठ ग्रॅमचा गोळा कातला, मधून भोक पाडून हूकच्या वर वायरीत ओवला. त्यानंतर घरटं झालं नाही असं नाही, पण अकराऐवजी महिन्यातून एखाद्या वेळी.

चिंचवडच्या एका मित्राची क्रॉलर जीप आहे, दगडधोंड्यांवर चढणारी रिमोटची गाडी, १:१०ची, वजन २ किलो ६००. तिचं पुढचं तोंड उचलायचं म्हणजे हूकवर साधारण निम्मं, १ किलो ३०० ग्रॅम. गच्चीवर प्रयोग ठरला. विंचने जीपचं तोंड लीलया वर घेतलं. मी गाडी पुढे घेतली. सरळ गेली. डावीकडे वळवायला गेलो, पुढची चाकं डावीकडे वळली, गाडी मात्र नाकासमोर सरळ जात राहिली आणि पाण्याच्या टाकीला थडकली.

घरी येऊन स्वयंपाकघरातला वजनकाटा मागून घेतला. अशा गाडीचं ॲक्सलवरचं वजन काढायची सोपी पद्धत आहे: पुढची चाकं काट्यावर, मागची चाकं काट्याएवढ्या उंचीच्या पुस्तकांवर, मग उलट. दोन्ही वेळा गाडी सपाट हवी. पुढे ९५० ग्रॅम, मागे २ किलो २५०. आता हूक मागच्या ॲक्सलच्या १४ सेंटिमीटर मागे, दोन ॲक्सलमधलं अंतर ३० सेंटिमीटर. हूकवर १ किलो ३०० टांगले की हे सगळं मागच्या चाकांवर तराजूसारखं झुकतं आणि पुढून १३०० गुणिले १४ भागिले ३०, म्हणजे ६०० ग्रॅमहून थोडे जास्तच कमी होतात. उरले साडेतीनशे. साडेतीनशे ग्रॅम वजनावर पुढची चाकं काय वळवणार, ती नुसती घासत होती.

हे गणित कागदावर लिहीत असताना मला एकदम डिझेल आणि ओल्या मातीचा वास आला. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पावसाळ्यात घाटात एक भरलेला ट्रक गटारात गेला होता आणि तात्या त्याला ओढत होते. क्रेनची पुढची चाकं जमिनीवरून उचलायला लागली. तात्यांनी खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडले, "बसा!" क्लीनर, गॅरेजातला वेल्डर आणि मी, तिघे पळत जाऊन पुढच्या बंपरवर बसलो. असं करू नये हे आज मला कळतं, वायर तुटली असती तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. पण तेव्हा मला वाटलं होतं की तात्यांनी गंमत म्हणून बसवलं. चाकं खाली टेकली होती, एवढं लक्षात होतं. बंपर एवढा रुंद का होता, त्यात काँक्रीट का ओतलं होतं, हे कधी विचारलंच नाही. "पुढचं चाक उचाललं की डायवर पाव्हना," असं तात्या म्हणत. म्हणजे मग गाडी चालवणारा आपण नसतो, मागचं ओझं असतं.

माझ्या मॉडेलचा बंपर रुंद होता, पण आत रिकामा. सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायची चिकटपट्टीची शिशाची वजनं आणली. वापरलेली त्याने फुकट दिली, नवीन घेतली तरी महाग नाहीत. शिसं वितळवायच्या भानगडीत पडू नका, धूर विषारी असतो. तशीच एकावर एक चिकटवून बंपरच्या पोटात ६०० ग्रॅम भरली. आता यातली मजा बघा. बंपर पुढच्या ॲक्सलच्या नऊ सेंटिमीटर पुढे आहे, त्यामुळे ६०० ग्रॅम टाकले तरी पुढच्या चाकांवर वाढतात ७८० ग्रॅम, आणि मागची १८० ग्रॅमने हलकी होतात. तेच शिसं केबिनच्या खाली, ॲक्सलच्या मागे टाकलं असतं तर एवढा फायदा मिळाला नसता. म्हणून काँक्रीट बंपरमध्ये, केबिनमागे नाही. तात्यांना कोणी हे सूत्र शिकवलं नव्हतं. क्रेन बांधणाऱ्याला तरी शिकवलं होतं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर जीप उचलून पुढे वळलो. गाडी वळली. एकूण वजन आता ३ किलो ८००. साडेचार किलोला सातशे कमी. बरं, ठीक.

वीजेच्या भागात एकच गोष्ट सांगण्यासारखी. रिमोट फ्लायस्कायचा सहा चॅनेलचा: एक स्टिअरिंग, एक चालवायला, एक विंच, एक दिव्यांना, दोन मोकळे. चालवायच्या मोटरला एक स्पीड कंट्रोलर, विंचला दुसरा छोटा. दोन्ही कंट्रोलर आपापल्या लाल वायरीतून रिसीव्हरला वीज देतात, आणि इथे घोळ होतो. ओझं उचलतानाच मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी दोन सेकंद मेल्यासारखी थांबायची, रिसीव्हरचा दिवा विझून परत लागायचा. स्टिअरिंगचा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, अडून जोर लावत होता, व्होल्टेज खाली येत होतं, रिसीव्हर शुद्ध हरपत होता. मी रिमोटला दोष दिला, अँटेना हलवली, रिसीव्हर बदलला, पंधरा दिवस गेले. शेवटी दोन्ही कंट्रोलरच्या प्लगमधून लाल वायर टाचणीने बाहेर काढून टेप गुंडाळली आणि रिसीव्हर-सर्व्होसाठी पाच व्होल्ट, तीन अँपिअरचा स्वतंत्र रेग्युलेटर लावला. त्यानंतर एकदाही बंद पडली नाही. एका घरात दोन कारभारी नकोत.

रंगाला सहा दिवस लागले. केबिन पिवळी, बूम लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. कपाळावर 'श्री काळूबाई प्रसन्न', कारण मांढरदेव तिथून जवळ आणि तात्यांची यात्रा कधी चुकली नाही. मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचं की नाही यावर माझा मुलगा आणि मी भांडलो. २०१५ साली राज्य सरकारने त्यावर बंदी आणली, असं त्याचं म्हणणं. क्रेन त्याच्या कितीतरी आधीची, असं माझं. लिहिलं. अक्षरं मी काढली आणि 'प्लीज'चा 'ज' जागा न पुरल्यामुळे बारीक झाला. खऱ्या गाडीवरही तसाच असायचा, पेंटर वेगळा असला तरी.

एव्हाना खरी क्रेन राहिली नव्हती. २०२३च्या उन्हाळ्यात भंगारवाला आला, गॅस कटरने दोन दिवसांत तिचे तुकडे केले आणि टेम्पोत भरून नेले. मी तेव्हा पुण्यात होतो. तात्यांनी फोनवर फक्त दर सांगितला, किलोचा. आणि म्हणाले, "गोळा ठिवलाय. दाराला अडसर लागतोय."

मॉडेल २०२४च्या दिवाळीत वेळ्याला नेलं. तात्यांचं वय तेव्हा ७६, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. अंगणात खाली ठेवलं. त्यांनी आधी बूमला हात लावला, मग पालथं करून खालून बघितलं. चासी, जॉइंट, पाटे. पाट्यांवर अंगठा दाबला.

"नऊ पानं?"

"दिसायला नऊ. खरी दोनच."

"हं. बेस्ट."

रिमोट हातात दिला तर घेतला नाही. "त्या काड्या मला न्हाई जमायच्या, तू चालव." मग म्हणाले, गॅरेजच्या मागे चल. चिंचेखाली, जिथे क्रेन उभी असायची, तिथून ओढ्याकडे एक उतार आहे, पावसाने धुपलेला. त्यांनी नातवाला घरात पिटाळलं आणि त्याची बॅटरीवरची मोठी प्लॅस्टिकची जीप आणवली, जिच्या पुढे माझा ट्रक म्हणजे मांजर. ती उताराच्या खड्ड्यात लोटून दिली. "काढ."

मी म्हटलं, "तात्या, ही जड आहे. हूकला हिशोब दीड किलोचा केलाय मी."

"हूकवर नको घेऊ. वढ नुसती. टोचन लाव."

साखळी लावली. विंच सैल ठेवून आधी गाडीने ताण घेतला, मग गाडी थांबवून विंच. जीप हलली. एक चाक खड्ड्याच्या काठावर आलं. मग साखळीत ओढ वाढली, माझ्या ट्रकचं मागचं अंग खाली बसलं, आणि सहाशे ग्रॅम शिशासकट पुढची दोन्ही चाकं सावकाश जमिनीवरून उठली. बोटभर. मी काडी सोडायला निघालो.

"सोडू नको," तात्या म्हणाले. गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत ते खाली बसले, आणि उजव्या हाताची दोन बोटं बंपरवर ठेवली. चाकं टेकली.

"हां. घे आता."